सॅन होजेच्या आकाशातून छोटे विमान नेताना : हद्दी, परवानग्या आणि रडारची मदत

सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात राहणारी आणि आठवडाभर संगणकासमोर बसणारी मराठी मंडळी हौसेने खासगी वैमानिकाचा परवाना काढायला निघाली की लवकरच त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. मोठी जेट विमाने ज्या विमानतळावर एकामागून एक उतरत असतात, त्याच्या शेजारून किंवा चक्क डोक्यावरून आपले चार आसनी सेस्ना न्यायचे तरी कसे? महाराष्ट्रातून व्यावसायिक परवान्याच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत येणाऱ्या आणि पुढे भारतात परतून डीजीसीएकडून परवाना बदलून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. हा लेख या दोघांसाठी आहे. यातील नियम अमेरिकेचे, म्हणजे तेथील हवाई नियामक संस्था एफएएचे, आहेत आणि ते डोळ्यांनी बाहेर पाहून उडणाऱ्या, म्हणजेच व्हीएफआर, वैमानिकाच्या बाजूने मांडले आहेत. भारतातील हवाई क्षेत्रांची वर्गवारी वेगळी असल्यामुळे येथील आकडे तेथे जसेच्या तसे वापरू नयेत.

उदाहरणासाठी एकच उड्डाण घेऊ. सॅन मार्टिन येथील साउथ काउंटी या नियंत्रण टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळावरून निघायचे, सॅन होजेच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून वायव्येला जायचे आणि पालो आल्टोला उतरायचे. सॅन मार्टिन हे सॅन होजेच्या आग्नेयेला सुमारे २३ नॉटिकल मैलांवर आहे आणि पालो आल्टो वायव्येला साधारण ११ नॉटिकल मैलांवर. विमानतळांभोवतीच्या नियंत्रित आकाशाचे गर्दीनुसार वर्ग पाडलेले असतात : सर्वांत गजबजलेल्या विमानतळांभोवती क्लास बी, मध्यम गर्दीच्यांभोवती क्लास सी आणि टॉवर असलेल्या छोट्यांभोवती क्लास डी. अंतर किरकोळ आहे, परंतु या एवढ्याशा प्रवासात क्लास सी हद्द ओलांडावी लागते, क्लास डी हद्दी आजूबाजूला असतात आणि शेवटच्या टप्प्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लास बी क्षेत्राचे छत डोक्यावर येते.

आधी हद्दी समजून घ्याव्यात

क्लास सीचा नेहमीचा आकार म्हणजे उलटी ठेवलेली दोन थरांची चकती. मधला गाभा विमानतळापासून ५ नॉटिकल मैल त्रिज्येचा असतो आणि जमिनीपासून विमानतळाच्या उंचीवर ४,००० फुटांपर्यंत जातो. त्याभोवतीची कड १० नॉटिकल मैलांपर्यंत पसरलेली असते. ती जमिनीपासून सुरू होत नाही, विमानतळाच्या वर साधारण १,२०० फुटांपासून सुरू होते आणि वर त्याच ४,००० फुटांना भिडते. हा झाला साचा. प्रत्यक्षात डोंगर, शेजारचे विमानतळ आणि वरचे क्लास बी यांच्या सोयीने त्यात इतकी काटछाट केलेली असते की सॅन होजेसारख्या ठिकाणी साच्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. रीड-हिलव्ह्यू हा छोटा विमानतळ सॅन होजेपासून जेमतेम पाच-सहा मैलांवर आहे. तेव्हा तेथील वाहतुकीला जागा ठेवण्यासाठी मोठ्या विमानतळाच्या वर्तुळाला मुरड घालावीच लागते.

म्हणून पाहायचा तो चार्ट. सेक्शनल चार्टवर क्लास सीची हद्द किरमिजी रंगाच्या अखंड रेषेने दाखवतात, क्लास बीची निळ्या अखंड रेषेने आणि क्लास डीची निळ्या तुटक रेषेने. प्रत्येक भागात अपूर्णांकासारखे दोन आकडे असतात, वर छताचा आणि खाली तळाचा. हे आकडे शेकड्यांत आणि समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. वर ४० आणि खाली १५ असेल तर त्या भागात हद्द १,५०० फुटांपासून ४,००० फुटांपर्यंत आहे. खाली ‘एसएफसी’ असेल तर ती थेट जमिनीपासून आहे. हे चार्ट दर ५६ दिवसांनी नवे निघतात. टॅब्लेटवरील ॲपमध्ये जुना चार्ट तसाच राहून गेला आहे का, हे घरून निघतानाच तपासावे.

क्लास सीभोवती २० नॉटिकल मैलांपर्यंत आणखी एक क्षेत्र असते. त्याला ‘आउटर एरिया’ म्हणतात. ते चार्टवर रेषेने दाखवलेले नसते आणि तेथे बोलणे बंधनकारकही नसते. मात्र तेथून हाक मारली आणि रडारवर ओळख पटली, तर क्लास सीतील बहुतेक सेवा तेथूनच मिळू लागतात. काही विमानतळांभोवती ‘टर्मिनल रडार सर्व्हिस एरिया’ असते. तेथे रडारची सेवा घेणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. मात्र मधल्या टॉवरच्या क्लास डी हद्दीचे नियम पाळावेच लागतात.

विमानात काय असले पाहिजे

दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा रेडिओ, उंची कळवणारा ट्रान्सपाँडर (रडारच्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणारे यंत्र) आणि एडीएस-बी आउट (विमानाचे स्थान सतत प्रक्षेपित करणारी यंत्रणा), एवढे क्लास सीसाठी लागते. शेवटची अट २ जानेवारी २०२० पासून लागू झाली. क्लास सीच्या छताच्या वरूनही, १०,००० फुटांपर्यंत, ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बी लागतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. ‘मी तर वरून जात होतो’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या क्लास बीच्या मुख्य विमानतळाभोवती ३० नॉटिकल मैलांचे आणखी एक वर्तुळ असते. त्याला ‘मोड सी व्हेल’ म्हणतात आणि त्यातही जमिनीपासून १०,००० फुटांपर्यंत हीच यंत्रे लागतात. ट्रान्सपाँडरची तपासणी मागील २४ कॅलेंडर महिन्यांत झालेली असावी. क्लबचे विमान भाड्याने घेताना ती नोंद मी स्वतः पाहतो, कारण विमान कोणाचेही असले तरी हवेत जबाबदार असतो तो वैमानिक.

रडार नेमके काय पाहते, हे येथेच सांगून टाकतो, कारण पुढचे अर्धे नियम त्यातूनच निघाले आहेत. विमानतळाचे मूळ रडार रेडिओलहरी सोडते आणि विमानाच्या पत्र्यावरून परतणारा प्रतिध्वनी पकडते. त्यातून दिशा आणि अंतर कळते, उंची मात्र कळत नाही. दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. त्या उत्तरात चार अंकी संकेतांक आणि शंभर-शंभर फुटांच्या पायरीने उंची असते. ही उंची प्रमाणित दाबावर मोजलेली असते आणि स्थानिक दाबाची दुरुस्ती जमिनीवरचा संगणक करतो. त्यामुळे आपण अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, चुकीचा दाब लावला तरी पडद्यावरची उंची बरोबर असू शकते, मात्र आपण उडत असतो ती उंची चुकलेली असते. कंट्रोलर ‘से अल्टिट्यूड’ म्हणतो तो याच तफावतीच्या शोधात. फरक ३०० फूट किंवा अधिक निघाला आणि दाबाची खात्री करूनही तो मिटला नाही, तर उंचीचे प्रक्षेपण बंद करायला सांगितले जाते. डोंगराआड किंवा फार खाली गेलेले विमान या दोन्ही रडारांना दिसेनासे होऊ शकते.

उंचीचा आकडा नसणे किती महाग पडते, हे इतिहासाने दोनदा दाखवले आहे. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे एक छोटे पायपर विमान परवानगीवाचून नियंत्रित क्षेत्रात शिरले. त्याचा ट्रान्सपाँडर उंची कळवत नव्हता. त्याची आणि एरोमेक्सिकोच्या डीसी-९ची टक्कर झाली आणि जमिनीवरच्या माणसांसह ८२ जण दगावले. १२ नोव्हेंबर १९९६ची चरखी दादरीची टक्कर आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. सौदिया आणि कझाकस्तानच्या त्या दोन विमानांतील ३४९ माणसे गेली. त्या वेळी दिल्लीच्या अप्रोच कंट्रोलरपुढे केवळ मूळ रडार होते. खाली येणारे विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली गेल्याचे पडद्यावर दिसण्याची सोयच नव्हती.

जमिनीवरची तयारी

निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून गुडघ्यावर बांधाव्यात : अप्रोचची (विमानतळाभोवतीची वाहतूक रडारवरून सांभाळणाऱ्या कक्षाची) फ्रिक्वेन्सी, हद्द जिथे सुरू होते ते जमिनीवरचे ओळखीचे ठिकाण आणि आत शिरता न आल्यास कुठे घिरट्या घालायच्या ती जागा. तिसरी गोष्ट फार थोडे लोक ठरवतात. आपल्या उदाहरणात अँडरसन जलाशय हे सोयीचे ठिकाण आहे. तो सॅन होजेपासून साधारण १९ नॉटिकल मैलांवर आहे, म्हणजे दहा मैलांची कड अजून नऊ मैल दूर असते. ११० नॉटच्या वेगाने ते अंतर कापायला सुमारे पाच मिनिटे लागतात. फ्रिक्वेन्सीवर गर्दी असेल तर ही पाच मिनिटे बघता बघता संपतात.

हवामानही हद्दीच्या नियमाने मोजावे. क्लास सीमध्ये व्हीएफआरसाठी ३ स्टॅट्यूट मैलांची दृश्यता लागते. ढगांपासून ५०० फूट खाली, १,००० फूट वर आणि आडवे २,००० फूट अंतर राखावे लागते. क्लास बीमध्ये दृश्यता तेवढीच, परंतु ढगांना शिवू नये एवढेच बंधन असते. क्लास बी अधिक कडक असूनही ही अट सैल का, असे विचारले जाते. तेथे प्रत्येक विमान कंट्रोलरच्या परवानगीने आणि त्याने राखलेल्या अंतराने उडत असते, हे त्याचे कारण. उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून येणारा ढगांचा खालचा थर खाडीच्या काठावर बराच वेळ रेंगाळतो. सॅन मार्टिनला लख्ख ऊन असताना पालो आल्टो झाकलेले असू शकते. उड्डाणापूर्वी दोन्हीकडचे अहवाल वाचावेत आणि पहिली हाक मारण्यापूर्वी जवळच्या विमानतळाचे एटिस, म्हणजे हवामान आणि धावपट्टीची ध्वनिमुद्रित माहिती, ऐकून त्या माहितीला दिलेले अक्षर टिपून ठेवावे.

पहिली हाक

क्लास सीमध्ये शिरण्यासाठी औपचारिक परवानगीची गरज नसते. दोन्ही बाजूंनी संभाषण प्रस्थापित झालेले असावे लागते, आणि ते हद्द ओलांडण्यापूर्वी. ‘प्रस्थापित’ या शब्दाचा अर्थ नियमात नेमका ठरलेला आहे : कंट्रोलरने उत्तर देताना आपल्या विमानाचे चिन्ह, म्हणजे रेडिओवरचे नाव, उच्चारले पाहिजे. पुढे त्याने काय म्हटले याला त्यानंतरचे स्थान आहे.

गर्दीच्या वेळी पहिली हाक छोटी ठेवावी. येथे ‘नॉर्कल’ म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियाचा अप्रोच कक्ष आणि ‘स्कायहॉक’ म्हणजे आपले सेस्ना.

‘नॉर्कल अप्रोच, स्कायहॉक वन टू थ्री फोर अल्फा.’

उत्तर आले की मग सगळे सांगावे : आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, कोठे जायचे आहे आणि काय हवे आहे. रेडिओवर ‘सी’ला ‘चार्ली’ आणि ‘बी’ला ‘ब्राव्हो’ म्हणतात.

‘स्कायहॉक वन टू थ्री फोर अल्फा, ओव्हर अँडरसन, टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड, रिक्वेस्ट क्लास चार्ली ट्रान्झिशन टू पालो आल्टो.’

आता उत्तरांचे प्रकार पाहू. ‘स्कायहॉक वन टू थ्री फोर अल्फा, स्टँड बाय’ असे आले तर संभाषण प्रस्थापित झाले. आपले चिन्ह घेतले गेले आहे, म्हणून हद्दीत जाता येते. ‘एअरक्राफ्ट कॉलिंग नॉर्कल, स्टँड बाय’ असे आले तर ते झाले नाही. कोणीतरी हाक मारल्याचे कंट्रोलरने ऐकले आहे, कोणी मारली हे त्याला समजलेले नाही. तेव्हा बाहेरच थांबावे. आणि चिन्ह घेऊन ‘रिमेन आउटसाइड क्लास चार्ली एअरस्पेस’ म्हटले तर संभाषण प्रस्थापित होऊनही शिरता येत नाही, कारण स्पष्ट सूचना नेहमी वरचढ असते.

मी शिकत असताना दुसरा प्रकार ऐकला आणि तो पहिलाच समजून नाक तसेच वायव्येला ठेवले. शेजारी बसलेल्या शिक्षकांनी एक शब्द न बोलता योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, हळूच डावीकडे वळवले, दोन पूर्ण घिरट्या मारल्या आणि मग म्हणाले, ‘त्याने तुझं नाव घेतलं का?’ ती घिरट्यांची जागा मी आधी ठरवलेली नव्हती, हे वेगळे सांगायला नको. आपले चिन्ह संक्षिप्त करण्याची घाईही करू नये. कंट्रोलरने ‘थ्री फोर अल्फा’ म्हणायला सुरुवात केली की मगच आपण म्हणावे, कारण त्याच फ्रिक्वेन्सीवर शेवटचे तीन वर्ण सारखे असलेले दुसरे विमान असू शकते.

टॉवर नसलेल्या आणि क्लास सीच्या हद्दीतच असलेल्या छोट्या धावपट्टीवरून निघणाऱ्याला थोडी सवलत आहे. उड्डाणानंतर शक्य तितक्या लवकर त्याने संपर्क साधावा, एवढीच अपेक्षा असते.

संकेतांक आणि ओळख

कंट्रोलर चार अंकी संकेतांक देतो. तो लावेपर्यंत आपण १२०० या सर्वसाधारण व्हीएफआर संकेतांकावर असतो. जुन्या पद्धतीच्या फिरत्या खुंट्या असतील तर अंक बदलताना ७५००, ७६०० आणि ७७०० या आकड्यांवरून जाऊ नये. ते अनुक्रमे अपहरण, रेडिओ बंद पडणे आणि आणीबाणी यांचे संकेत आहेत. पडद्यावरचा आपला ठिपका उठून दिसावा यासाठीचे ‘आयडेंट’चे बटण सांगितल्यावरच आणि एकदाच दाबावे.

‘रडार कॉन्टॅक्ट’ हे शब्द आले म्हणजे पडद्यावरचा ठिपका आपलाच असल्याची कंट्रोलरची खात्री झाली. विद्यार्थ्यांना या दोन शब्दांनी फार हायसे वाटते, आणि माझी खरी काळजी तेथूनच सुरू होते. रडारवर दिसणे आणि कोणीतरी आपल्याला इतर विमानांपासून दूर ठेवणे यांत पुष्कळ अंतर आहे.

रडारची सेवा कोणाला किती मिळते

क्लास सीमध्ये मुख्य विमानतळावर उतरणाऱ्या सर्व विमानांना क्रमाने लावले जाते. आयएफआर, म्हणजे यंत्रांच्या आधारे उडणाऱ्या, विमानांना त्यांची नेहमीची सेवा मिळते. आयएफआर आणि व्हीएफआर विमान यांच्यामध्ये कंट्रोलर अंतर राखतो. ते तीन मार्गांनी राखले जाते : वैमानिकाने किंवा कंट्रोलरने डोळ्यांनी पाहून, ५०० फूट उभे अंतर ठेवून किंवा पडद्यावरचे दोन ठिपके एकमेकांना टेकू न देऊन. व्हीएफआर आणि व्हीएफआर विमानांमध्ये मात्र अंतर राखलेच जात नाही. तेथे मिळते ती इतर वाहतुकीची माहिती, आणि टक्कर होईल असे दिसले तर सावधगिरीचा इशारा. म्हणजे आपल्यासमोरून उलट दिशेने येणारे दुसरे सेस्ना क्लास सीमध्येही आपल्यालाच टाळायचे असते. हा एक मुद्दा पक्का असेल तर बाकीचे तपशील पुस्तकात पाहून घेता येतात.

आउटर एरियाच्या बाहेर ‘फ्लाइट फॉलोइंग’, म्हणजे रडारवरून लक्ष ठेवून इतर वाहतुकीची माहिती देण्याची सेवा, मागता येते, परंतु तेथे सेवा कंट्रोलरच्या कामाच्या व्यापावर अवलंबून असते आणि तो ती नाकारू शकतो.

इतर वाहतुकीची माहिती ऐकणे ही कला आहे. ‘ट्रॅफिक, ट्वेल्व्ह ओ क्लॉक, थ्री माइल्स, साउथबाउंड, बोइंग सेव्हन थ्री सेव्हन, थ्री थाउजंड’ अशी ती येते. येथे घड्याळाचे बारा म्हणजे विमानाचे नाक नसते. रडारला आपले नाक दिसत नाही, जमिनीवरचा आपला मार्ग तेवढा दिसतो. समजा, आपला मार्ग सरळ उत्तरेला आहे आणि पश्चिमेचा जोरदार वारा असल्यामुळे नाक २० अंश डावीकडे ठेवून आपण चाललो आहोत. कंट्रोलरचे ‘बारा’ हे आपल्या काचेतून उजवीकडे २० अंशांवर, म्हणजे बारा आणि एक यांच्या मध्ये पडेल. मी विद्यार्थ्यांना पेन्सिल डॅशबोर्डवर आडवी ठेवून हे दाखवतो. सरळ पुढे पाहून ‘काहीच दिसत नाही’ म्हणणारे दोन सेकंदांत योग्य काचेकडे पाहू लागतात.

विमान दिसले तर ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणावे, दिसले नाही तर ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’. ‘हो, फिशफाइंडरवर (म्हणजे इतर विमाने दाखवणाऱ्या टॅब्लेटवर) दिसतंय’ या अर्थाचे काहीही म्हणू नये. टॅब्लेटवर दिसणे म्हणजे डोळ्यांनी दिसणे नव्हे आणि अंतर राखण्याच्या दृष्टीने त्याला किंमत नाही. एकदा दिसल्याचे कळवलेले विमान पुन्हा नजरेआड झाले तर ते तत्काळ सांगावे. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोवर पीएसएचे बोइंग ७२७ आणि एक सेस्ना १७२ एकमेकांवर आदळले आणि १४४ माणसे गेली. जेटच्या वैमानिकांनी पुढचे छोटे विमान दिसत असल्याचे आधी कळवले होते, नंतर ते त्यांच्या नजरेतून निसटले आणि ती गोष्ट टॉवरला नीट समजली नाही. त्या दिवशी आकाश स्वच्छ होते आणि दोन्ही विमाने रडारच्या सेवेत होती.

‘ट्रॅफिक अलर्ट’ या शब्दांनी सुरू होणारा इशारा मात्र वेगळा. त्यात वळण्याची किंवा चढण्या-उतरण्याची सूचना असेल तर आधी ती अमलात आणावी आणि मग बोलावे.

दिशा दिली तरी डोळे आणि डोके आपलेच

कंट्रोलरने दिशा किंवा उंची दिली तर ती पाळणे बंधनकारक आहे. परंतु त्या दिशेने गेल्यास ढगात शिरावे लागेल किंवा डोंगर आडवा येईल, तर ‘अनेबल’ (जमणार नाही) हा एक शब्द पुरेसा असतो. त्यासोबत कारण सांगावे. कंट्रोलरला आपल्यापुढचा ढग दिसत नाही. सॅन होजेच्या पूर्वेला हॅमिल्टन डोंगराचा माथा सुमारे ४,२०० फुटांवर आहे, त्यावर लिक वेधशाळा आहे. २,५०० फुटांवर उडणाऱ्याला पूर्वेकडची दिशा मिळाली तर तिचा शेवट कुठे होतो, हे स्वतःच पाहायला हवे. व्हीएफआर वैमानिकाची डोंगर, ढग आणि इतर विमाने टाळण्याची जबाबदारी रडारच्या सेवेत असतानाही संपत नाही.

मोठ्या जेटच्या मागून किंवा खालून जाताना त्याच्या पंखांमागे उठणारी भोवऱ्यांची जोडी लक्षात ठेवावी. ती खाली उतरत आणि वाऱ्यासोबत सरकत जाते. धावपट्टीच्या मध्यावरून काटकोनात ओलांडायला सांगितले जाते ते पुष्कळदा याच सोयीसाठी : उतरणारी विमाने एका टोकाला खाली असतात, निघणारी दुसऱ्या टोकाला चढू लागतात आणि मध्यावरची जागा त्यातल्या त्यात मोकळी असते. वेगाच्या मर्यादा आपल्या सेस्नाला लागू असूनही आड येत नाहीत. १०,००० फुटांखाली २५० नॉट आणि क्लास बीच्या तळाखालून जाताना २०० नॉट, हे आकडे परीक्षेपुरते पाठ असावेत.

डोक्यावरचे क्लास बी

पालो आल्टोच्या दिशेने निघालो की वरच्या बाजूला सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लास बीचे थर सुरू होतात. मधल्या भागात ते जमिनीपासून असतात, बाहेरच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातात आणि त्यांचे सर्वांत वरचे छत १०,००० फुटांवर असते. येथे नियमच बदलतो. नुसते संभाषण पुरत नाही, ‘क्लिअर्ड इन्टू द क्लास ब्राव्हो एअरस्पेस’ हे शब्द आपल्या चिन्हासह ऐकू आलेच पाहिजेत. संकेतांक मिळाला आहे, रडारवर ओळख पटली आहे, दिशाही दिली आहे, तरीही हे शब्द आलेले नसतील तर परवानगी मिळालेली नाही. शंका आली तर सरळ विचारावे : ‘कन्फर्म क्लिअर्ड इन्टू क्लास ब्राव्हो?’ या प्रश्नाने कोणी चिडत नाही. न विचारता आत शिरणाऱ्यामुळे मात्र जेटला उतरणे थांबवावे लागू शकते.

मोबदल्यात सेवाही जास्त मिळते. क्लास बीमध्ये व्हीएफआर विमानालाही इतर सर्व विमानांपासून अंतर राखून दिले जाते. समोरचे विमान जेट असेल किंवा १९,००० पौंडांहून जड असेल तर दीड मैल आडवे किंवा ५०० फूट उभे अंतर, नाहीतर डोळ्यांनी पाहून. हलक्या विमानांपासून ठिपके टेकू न देण्याइतके अंतरही चालते. शिकाऊ वैमानिकाला एकट्याने क्लास बीमध्ये जाण्यासाठी त्याच क्षेत्राचे प्रशिक्षण आणि प्रशिक्षकाची लेखी नोंद लागते. सॅन फ्रान्सिस्को किंवा लॉस एंजेलिसच्या मुख्य विमानतळावर तर त्याला एकट्याने उतरण्याची मुभाच नाही.

पालो आल्टोला उतरताना क्लास बीत जाण्याची गरज पडत नाही. फक्त उंची राखण्याची शिस्त लागते. तळाच्या आकड्याला चिकटून उडू नये, निदान २०० फूट मोकळे सोडावेत. दुपारच्या उष्ण हवेत छोटे विमान नकळत तेवढे वर उचलले जाते.

सेवा संपते तेव्हा

‘रडार सर्व्हिस टर्मिनेटेड, स्क्वॉक व्हीएफआर, फ्रिक्वेन्सी चेंज अप्रूव्ह्ड’ असे ऐकू आले की उत्तर द्यावे, संकेतांक पुन्हा १२०० करावा आणि पालो आल्टोच्या टॉवरला हद्दीबाहेर असतानाच हाक मारावी. ‘कॉन्टॅक्ट पालो आल्टो टॉवर’ असे सांगितले आणि संकेतांकाबद्दल काही म्हटले नाही, तर तो तसाच ठेवावा. वाटेत लागणाऱ्या दुसऱ्या क्लास डी हद्दीबाबत अप्रोचने समन्वय केला आहे का, याची शंका असेल तर तीही सेवा संपण्यापूर्वीच विचारून घ्यावी.

मध्येच रेडिओ बंद पडला तर आधी हेडसेटचा प्लग, आवाजाची खुंटी आणि दुसरा रेडिओ तपासावा. त्यानंतर ७६०० लावून व्हीएफआरमध्येच राहावे आणि सोयीच्या ठिकाणी उतरावे. टॉवरच्या खिडकीतून दिव्याने खुणा केल्या जातात. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, लुकलुकणारा हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. आलटून पालटून लाल-हिरवा दिसला तर अत्यंत सावध राहावे.

हद्द चुकून ओलांडली गेली तर

हे चांगल्या चांगल्यांच्या हातून होते. लक्षात येताच बाहेर वळावे आणि अप्रोचशी बोलावे, ट्रान्सपाँडर बंद करून लपण्याचा विचारही मनात आणू नये. कंट्रोलरने ‘पॉसिबल पायलट डेव्हिएशन’ (वैमानिकाकडून संभाव्य नियमभंग) म्हणून एक दूरध्वनी क्रमांक दिला तर तो लिहून घ्यावा, फ्रिक्वेन्सीवर वाद घालू नये आणि आधी विमान नीट उतरवावे. त्यानंतर शांतपणे नासाच्या एएसआरएस या उड्डाण-सुरक्षेचे अहवाल गोळा करणाऱ्या व्यवस्थेकडे अहवाल पाठवावा. चूक अनवधानाने झाली असेल, तीत गुन्हा किंवा अपघात नसेल, मागील ५ वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसेल आणि अहवाल १० दिवसांच्या आत पाठवला असेल, तर नियमभंग झाल्याचे ठरले तरी दंड किंवा परवान्याचे निलंबन लादले जात नाही. अर्जाचा नाव-पत्ता असलेला भाग वेगळा काढून त्यावर तारखेचा शिक्का मारला जातो आणि तो टपालाने परत येतो. ती पट्टी लॉगबुकाच्या मागच्या कप्प्यात जपून ठेवावी, कारण अहवाल मुदतीत पाठवल्याचा आपल्याजवळचा पुरावा तीच असते.